टॅबवरची फुली आणि पॉल फिट्स

अर्धा तास खपून भरत आणलेला अर्ज. एक आकडा तपासायला शेजारच्या टॅबवर जायचे असते. माउस वर नेऊन क्लिक करावी आणि तो टॅब उघडण्याऐवजी कायमचा मिटावा, नाहीतर भरलेला अर्जच डोळ्यांसमोरून नाहीसा व्हावा. संगणकावर रोज बसणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आहे. त्यानंतरची प्रतिक्रियाही ठरलेली असते. आपणच वेंधळे, आपलेच लक्ष नव्हते, किंवा आता वय झाले. साठीच्या आसपासचे काही रुग्ण तर मला बाह्यरुग्ण विभागात विचारतात, की डॉक्टर, हे स्मृतिभ्रंशाचे पहिले लक्षण नाही ना?

तसे नाही, हे सांगताना मला एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा आधार घ्यावा लागतो. त्यांनी टॅब कधी पाहिला नाही. माउसचे पहिले गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक १९६८ मध्ये झाले, आणि ते त्याआधी तीन वर्षे वारले होते. तरीही पडद्यावरचे बटण किती मोठे असावे, कुठे असावे आणि कशाच्या शेजारी नसावे, याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव शिकावे लागते. ते नाव पॉल फिट्स.

पॉल मॉरिस फिट्स यांचा जन्म मे १९१२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मार्टिन या लहान गावी झाला. टेनेसी विद्यापीठातून १९३४ मध्ये पदवी, ब्राउन विद्यापीठातून १९३६ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि रॉचेस्टर विद्यापीठातून १९३८ मध्ये डॉक्टरेट असे त्यांचे शिक्षण. मग टेनेसीलाच परतून त्यांनी अध्यापन सुरू केले. युद्ध झाले नसते तर कदाचित त्यांचे आयुष्य तिथेच सरळ मार्गाने गेले असते. पण १९४१ मध्ये ते सैन्याच्या हवाई दलात दाखल झाले आणि त्यांच्या कामाला वेगळे वळण लागले.

त्या काळी सैन्याला मानसशास्त्रज्ञ हवे होते ते मुख्यतः माणसे निवडण्यासाठी. कोणता तरुण चांगला वैमानिक होईल आणि कोणता होणार नाही, हे चाचण्या घेऊन आधीच ओळखायचे. यामागे एक गृहीतक होते. विमान आहे तसेच राहणार, त्याला जमेल असा माणूस शोधायचा. १९४५ मध्ये ओहायो राज्यातल्या राइट फील्ड या हवाई तळावर, विमानवैद्यक प्रयोगशाळेत मानसशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला आणि फिट्स त्याचे प्रमुख झाले. तिथे प्रश्न उलटा झाला. माणूस आहे तसाच राहणार, मग विमान कसे असावे?

या उलट्या प्रश्नाची सुरुवात त्या प्रयोगशाळेत थोडी आधी झाली होती. अल्फोन्स चॅपानिस हे तिथले आणखी एक मानसशास्त्रज्ञ. बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरून धावपट्टीवर असतानाच वैमानिक चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. अहवालात कारण लिहिले जाई, वैमानिकाची चूक. चॅपानिस यांनी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले. उतरल्यावर वैमानिकाला पंखांचे फ्लॅप वर घ्यायचे असतात. फ्लॅपचे बटण आणि चाकांचे बटण दिसायला सारखी आणि जवळजवळ होती. थकलेला माणूस, कमी उजेड, सवयीचा हात. चॅपानिस यांनी चाकांच्या नियंत्रणाला रबराचे लहानसे चाक आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पंखासारखी पाचर बसवली. आता न पाहताही बोटांना फरक कळू लागला. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते.

ही एका विमानाची गोष्ट झाली. फिट्स यांना ती सगळ्या विमानांसाठी तपासायची होती, आणि त्यांचे मोठेपण मला इथे दिसते. रिचर्ड जोन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वैमानिकांना एक साधी विनंती केली. विमानातले एखादे नियंत्रण वापरताना तुमच्याकडून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेली चूक नेमकी कशी झाली ते सांगा. दोष कोणाचा, हे विचारायचेच नाही. अपघात चौकशीत हेच वैमानिक मूग गिळून बसले असते. इथे ते बोलले. अशा ४६० चुकांचे विश्लेषण १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

निम्म्या चुका एकाच प्रकारच्या निघाल्या. एक नियंत्रण हलवायचे होते, हात दुसऱ्यावर पडला. फ्लॅपऐवजी चाके, थ्रॉटलऐवजी दुसराच दांडा. सुमारे १८ टक्के चुका नियंत्रण कमीजास्त फिरवण्याच्या, तेवढ्याच विसरण्याच्या. ६ टक्क्यांत दांडा उलट्या दिशेने गेला होता. ३ टक्क्यांत हात पोहोचलाच नाही. उरलेल्या ५ टक्क्यांत, आपण काही हलवतो आहोत हे न कळताच एखादे नियंत्रण चालू किंवा बंद झाले होते, कोपर लागून किंवा बाही अडकून. टॅब चुकून बंद होण्याचे प्रकार या यादीत ठेवून पाहा. निवडायला गेलो आणि फुलीवर क्लिक झाली, हा पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या गटातला. माउसचे मधले चाक टॅबवर नकळत दाबले जाऊन टॅब मिटला, तर तो शेवटच्या गटातला.

त्या अहवालातले एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. इंजिनाचे तीन दांडे शेजारी शेजारी असत. थ्रॉटल, पंख्याचा वेग आणि इंधन व हवेचे मिश्रण. बी-२५ विमानात डावीकडून क्रम होता थ्रॉटल, पंखा, मिश्रण. सी-४७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखल्या गेलेल्या विमानात, तो होता पंखा, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, पंखा. एका विमानावरून दुसऱ्यावर बदली झालेल्या वैमानिकाचा हात आणीबाणीत जुन्या जागी जाणारच. ज्याचा हात जितका मुरलेला तितका तो अधिक ठामपणे चुकीच्या जागी जाणार. अनुभवी वैमानिकही चुकत होते, ते का, याचे हे एक उत्तर होते.

फिट्स आणि जोन्स यांचा निष्कर्ष असा, की वैमानिकाची चूक म्हणून नोंदवलेल्या गोष्टींचा मोठा भाग यंत्राच्या रचनेतून येतो आणि रचना बदलून टाळता येतो. आज हे वाचून फारसे काही वाटणार नाही. तेव्हा मात्र या अहवालाने मेलेल्या आणि बडतर्फ झालेल्या माणसांवरचा शिक्का पुसायचा मार्ग दाखवला. पुढच्या अहवालात त्यांनी उपकरणे वाचण्यातल्या २७० चुका पाहिल्या. तीन काट्यांचे उंचीमापक वाचताना वैमानिक हजार हजार फुटांनी चुकत होते. तिथेही त्यांनी आधी उपकरणाच्या तबकडीकडे पाहिले.

वैद्यकशास्त्राने हा धडा काही ठिकाणी चांगला गिरवला आहे. भूल देण्याच्या यंत्रावर प्राणवायू आणि नायट्रस ऑक्साइड यांच्या लहान सिलिंडरांची तोंडे वेगवेगळी असतात. यंत्रावरच्या खुंट्या आणि सिलिंडरवरची भोके जुळली तरच सिलिंडर बसतो. चुकीचा सिलिंडर जोडायचा म्हटले तरी जोडता येत नाही. पण संगणकाच्या बाबतीत आम्ही अजून १९४० च्या दशकातच आहोत. एका रुग्णालयातला प्रसंग सांगतो. शस्त्रक्रियेच्या मंजुरीचा ऑनलाइन अर्ज भरताना एका इंटर्नकडून टॅब मिटला. चार पानांची माहिती गेली, रुग्णाचे नातेवाईक खिडकीशी ताटकळले आणि मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसली. लक्ष कुठे होते, एवढेच सगळ्यांनी विचारले. वर पंचवीस टॅब उघडे होते आणि प्रत्येकाची रुंदी करंगळीच्या नखाएवढी उरली होती, याकडे कोणी पाहिले नाही.

ही रुंदीची गोष्ट फिट्स यांच्या पुढच्या कामाशी जोडलेली आहे. १९४९ मध्ये ते ओहायो राज्य विद्यापीठात गेले आणि तिथल्या विमान मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक झाले. वर्षभरापूर्वीच क्लॉड शॅनन यांचा माहितीचा सिद्धांत प्रसिद्ध झाला होता. टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला किती माहिती जाऊ शकते ते त्यात मोजता येत होते. फिट्स यांनी विचार केला, मग माणसाच्या हाताची क्षमताही अशीच मोजता येईल का?

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग घरच्या जेवणाच्या टेबलावर करता येईल इतका साधा आहे. समोर धातूच्या दोन पट्ट्या. हातात धातूची कांडी. पंधरा सेकंद आलटून पालटून एका पट्टीवर आणि मग दुसरीवर कांडी टेकवायची, होईल तितक्या वेगाने, पण नेम न चुकवता. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी पट्ट्या होत्या. कांडी तिथे पडली की चूक नोंदली जाई. पट्टीची रुंदी सुमारे ६ मिलिमीटरपासून ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन पट्ट्यांमधले अंतर ५ पासून ४० सेंटिमीटरपर्यंत. उजव्या हाताने काम करणारी सोळा महाविद्यालयीन मुले. कांड्या दोन, एक २८ ग्रॅमची आणि दुसरी जवळपास अर्ध्या किलोची.

निकाल आश्चर्य वाटावे इतका नीटनेटका आला. अंतर दुप्पट केले की प्रत्येक हालचालीला ठरावीक वेळ वाढतो. पट्टीची रुंदी निम्मी केली तरी जवळपास तेवढाच वेळ वाढतो. दोन्ही निम्मे केले तर वेळ तोच राहतो. जड कांडीने थोडासाच फरक पडला. म्हणजे अडचण स्नायूंच्या ताकदीची नव्हतीच. मेंदू, डोळे आणि हात मिळून सेकंदाला जेवढे अचूक नेम साधू शकतात त्याची ती मर्यादा होती. घाई केली तर किंमत अचूकतेत मोजावी लागते. याला फिट्सचा नियम म्हणतात. मानवी वर्तनाचे इतके भरवशाचे नियम मानसशास्त्रात फार थोडे आहेत.

१९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. माउस सर्वांत वेगवान ठरला. आणखी महत्त्वाचे म्हणजे माउसची हालचाल फिट्सच्या नियमाप्रमाणेच निघाली, आणि तिचा वेग नुसत्या हाताच्या जवळ होता. म्हणजे माउस अडथळा नव्हता. मर्यादा हाताचीच होती आणि माउस तिथवर पोहोचला होता.

आता टॅबच्या पट्टीकडे पाहा. एक टॅब उघडा असतो तेव्हा निवडायची जागा ऐसपैस असते आणि फुली एका टोकाला. जसजसे टॅब वाढतात तसतशी निवडायची जागा आक्रसते, फुली मात्र तेवढीच राहते. म्हणजे मोठे निरुपद्रवी लक्ष्य छोटे होत होत घातक लक्ष्याएवढे होते, तेही त्याला चिकटून. चाके आणि फ्लॅप यांची बटणे शेजारी ठेवणाऱ्यांनी यापेक्षा फार वेगळे काही केले नव्हते. ब्राउझर बनवणाऱ्यांना हे कळते. म्हणूनच टॅब फार अरुंद झाले की क्रोम आणि फायरफॉक्स फुली फक्त चालू टॅबवर दाखवतात, बाकीच्यांवरून काढून घेतात. पण सोयीच्या नादात नव्या अडचणीही येतात. क्रोममध्ये फुलीवर क्लिक करून टॅब मिटवला, की पुढच्या टॅबची फुली बरोबर त्याच ठिकाणी येते. भराभर दहा टॅब मिटवणाऱ्याला हे फार सोयीचे. ज्याच्या बोटाची क्लिक थरथरून दोनदा उमटते, त्याचे मात्र दोन टॅब जातात.

कळफलकावर तर अंतरच उरलेले नाही. कंट्रोलबरोबर डब्ल्यू दाबले की टॅब बंद होतो. अनेक प्रणालींत क्यूबरोबर अख्खा ब्राउझर बंद होतो, आणि क्यू डब्ल्यूच्या शेजारी आहे. मॅकवर क्रोममध्ये कमांड आणि क्यू दाबून धरल्याशिवाय ब्राउझर बंद होऊ नये अशी सोय देता येते. मला हा उपाय विशेष आवडतो, कारण तो हाताच्या हालचालीतच फरक करतो.

मग सरळ प्रत्येक वेळी, खात्री आहे का, असे विचारले तर? याचे उत्तरही फिट्स यांच्याच कामात आहे. १९५८ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. मधल्या काळात या नव्या शास्त्राच्या अमेरिकी संघटनेचे ते अध्यक्ष झाले. कौशल्य कसे अंगवळणी पडते हा त्यांचा शेवटचा मोठा विषय. त्यांनी तीन टप्पे मांडले. आधी माणूस प्रत्येक पायरी विचार करून करतो. मग पायऱ्या एकमेकींना जोडल्या जातात. शेवटी हात आपोआप चालतो आणि मन मोकळे होते. सायकल, स्वेटर विणणे, टाके घालणे, सगळ्यांचे हेच. प्रत्येक टॅबला विचारलेली खात्री आठवडाभरात तिसऱ्या टप्प्यात जाते. टॅब मिटवणे आणि होय दाबणे ही एकच हालचाल होते, आणि प्रश्न वाचलाच जात नाही. न जतन केलेला मजकूर असेल तेव्हाच विचारलेला प्रश्न मात्र क्वचित येतो, म्हणून तो वाचला जातो.

मे १९६५ मध्ये फिट्स अचानक वारले. त्यांना ५३ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कौशल्याच्या टप्प्यांवरचे पुस्तक मायकेल पोस्नर यांच्याबरोबर लिहायला घेतले होते, ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

चूक होणारच असेल तर ती उलटवता आली पाहिजे, हा त्यापुढचा विचार संगणकाच्या काळात रुजला. फायरफॉक्सच्या २००६ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक टॅबला स्वतःची फुली मिळाली. त्याआधी सगळ्या टॅबना मिळून एकच फुली पट्टीच्या उजव्या टोकाला असे. त्याच आवृत्तीत नुकतेच मिटलेले टॅब परत उघडण्याची सोयही आली. धोका जवळ आणताना परतीची वाट सोबत दिली, हे बरे केले. आता कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबले की बहुतेक ब्राउझरमध्ये शेवटचा मिटलेला टॅब परत येतो. पुन्हा दाबले की त्याआधीचा. मात्र पान परत आले तरी त्यात भरलेला मजकूर येईलच असे नाही, आणि क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत ही सोय चालत नाही. म्हणून लांबलचक मजकूर आधी वहीत किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून मग अर्जात चिकटवावा.

महत्त्वाच्या टॅबवर राइट क्लिक करून तो पिन करता येतो. पिन केलेला टॅब पट्टीच्या डाव्या टोकाला जातो आणि त्याची फुली नाहीशी होते, म्हणजे घातक बटणच हाताखालून काढून घेतले जाते. फायरफॉक्स आणि एज यांमध्ये अनेक टॅब असलेली खिडकी बंद करण्याआधी विचारण्याची सोय सेटिंग्जमधून सुरू करता येते.

ज्यांचा हात थरथरतो, कंपवात असो की केवळ वयोमानाची थरथर, त्यांच्यासाठी लक्ष्य मोठे करणे हाच खरा उपाय. इथे बरेच जण फसतात. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून फक्त पानातला मजकूर मोठा होतो, वरची टॅबची पट्टी तेवढीच राहते. ती मोठी करायची तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालील स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे लागते. माउसच्या बाणाचा वेगही थोडा कमी करावा. आठ-दहापेक्षा जास्त टॅब झाले तर दुसरी खिडकी उघडावी. घरातल्या ज्येष्ठांना संगणक लावून देणार असाल तर एवढे आधी करून द्या, आणि त्यांचा एखादा टॅब मिटलाच तर कंट्रोल, शिफ्ट, टी कुठे आहेत ते त्यांच्या हातानेच दाबून दाखवा.